डावा हात

माझगावच्या उतारावर आमचं गॅरेज.
पाटीवर अजून बापाचंच नाव:
बाबल कुडपकर, वायरिंग व सेल्फ-डायनॅमो.
तो असताना हातबत्ती मी धरायचे.
आता मोबाइल दातांत धरते.

दोन गाड्या यायच्या, दोन्ही चोपन्नच्या.
फ्रेनीबाई गझदरांची मॉरिस मायनर,
बेडकीएवढी, बसल्या जागेवरून उडी घेईलशी,
पुढच्या काचेला मधोमध भांग.
आणि डॉक्टर इनास परेरांची ऑस्टिन सॉमरसेट,
लग्नात तीन पंगती जेवलेल्या मामासारखी,
गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर,
पुढच्या सीटवर तिघं, वर मांडीवर एक पोर.

मॉरिस वळते मनात आलं की.
ऑस्टिनला वळण आधी कळवावं लागतं,
मग ती विचार करते,
कलते,
सुस्कारते,
आणि वळते.
पण आत बसलेल्या पोटुशीला खड्डा कळत नाही.

डॉक्टर हेच सांगायचे: "अडतीस बायका, फ्रेनी,
या मागच्या सीटवरून वेळेत पोचल्या.
तुझ्या डबीत गुडघे हनुवटीला लागतात."
"डॉक्टर, तुमची गाडी नाय, पलंग हाय,
चाकं लावलेला.
माझ्या मॉरिसमधी ऑस्टिनचा एक खिळा पण नाय."
बाप तेवढ्यात बॉनेटमध्ये तोंड खुपसायचा.

रात्री हात रॉकेलने धुताना मला म्हणाला,
बावन्न साली दोन्ही कंपन्यांचं लग्न लागलं.
मॉरिसचं जुनं इंजिन गेलं,
ऑस्टिनच्या घरचं आलं. आठशे तीन सीसी.
बाईंच्या गाडीत तेच आहे, नंबर बघ.
"बोलू नको पण.
काही गोष्टी ग्रीसखालीच बऱ्या."

बाप गेला. मग डॉक्टर गेले.
त्यांच्या मुलाचा परदेशातून दोन ओळींचा मेसेज:
जागा अडते, वजनावर देऊन टाका.
दारूखान्यात जहाजाच्या साखळ्यांशेजारी
सॉमरसेट तीन आठवडे उभी होती,
तिच्या सीटवर एक मांजरी व्याली.
म्हणजे एकोणचाळीस.

त्याच महिन्यात नळबाजारात एका हातगाडीने
मॉरिसचा डावा हात मोडला.
हात म्हणजे तो, दाराच्या खांबातून उघडणारा,
पिवळ्या काचेचा, आत दिवा,
गाडी कुठे वळणार ते सांगणारा.
फ्रेनीबाई आता एक्याऐंशीच्या. म्हणाल्या,
"मागच्या पोरांना कसं सांगू, मी डावीकडं चालली?"

मी दारूखान्यात गेले. मांजरीला उठवलं नाही.
खांबाचे दोन स्क्रू काढले,
साठ वर्षांनी ते आले, कुरकुरत.
एकाच कारखान्याचा माल.
कानशीने थोडं घासावं लागलं, मग बसला.

बाईंनी काचेवर अंगठा फिरवला.
टोकाशी तडा होता. त्यावर
चिकटपट्टी, दवाखान्यातली, चहाच्या रंगाची झालेली,
कडा कात्रीने गोल कापलेल्या.
अशी गोल कापायची सवय
या उतारावर एकाच माणसाला होती.

इंजिनाचं तेव्हाही नाही सांगितलं.

बराच वेळ त्या वायपरकडे बघत बसल्या.
मग म्हणाल्या, "आता ही पण विचार करून वळणार."

पैसे दिले, मोजून, सुट्टे.
सेल्फ मारला, पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा लागला.
उताराच्या तोंडाशी गाडी थांबली
आणि खांबातून तो हात बाहेर आला,
पिवळा, जरा थरथरता.
मागे स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता.

फ्रेनीबाईंचं घर उजवीकडे आहे.