रुमालाखाली

दर मंगळवारी, सव्वादहाला, टालिनहून फोन यायचा.
श्री. पार्तेल्पोएग आधी हवामान विचारायचे.
तार्तूत बर्फ आहे? आहे.
मग म्हणायचे, "आमचा पाठपुरावा चालू आहे."
पाठ कुणाची, पुरावा कसला,
मी विचारलं नाही.

उर्मास दलदलींचा अभ्यासक.
परतीच्या विमानतळावर उभा होता चौदा नळकांडी घेऊन,
प्रत्येकीवर पेन्सिलीने खोली:
दोन मीटर दहा. तीन मीटर चाळीस.
त्यांनी त्या आकड्यांत सांकेतिक लिपी वाचली.
आठ हजार वर्षांत धड कुजलंही नव्हतं ते शेवाळ,
एका दुपारीत राज्याचं गुपित झालं.

पहिल्या निवेदनात सरकारला चिंता वाटली.
दुसऱ्यात तीव्र चिंता.
तिसऱ्यात 'तीव्र' गळलं, आणि मी हबकले.
"उलट चांगली खूण आहे," पार्तेल्पोएग म्हणाले,
"बोलणी सुरू झालीत. आता तुम्ही बोलू नका."
आणि 'ओलीस' हा शब्द नको.
'अटकेत' म्हणा.

कुठल्याशा मुलखात म्हणे बैलाचा भाव तोंडाने करत नाहीत.
रुमालाखाली हातात हात,
बोट दाबलं की एवढे, मूठ आवळली की तेवढे.
चेहरे दोघांचे आभाळाकडे.
बैल बाजूला, शेपटीने माश्या वारतो.
आणि ज्याला तो हवाच आहे
त्याने डोळे पुसायचे नाहीत,
भाव चढतो.

मी नाही पुसले. अकरा महिने.
वार्ताहर दारातून परतले. शेजारणी पातेली ठेवून गेल्या.
केर्तने शाळेत सांगितलं, बाबा दलदलीत आहे.
खोटं नव्हतंच ते.

एका मंगळवारी मात्र तोल गेला.
म्हटलं, तुम्हाला झोप लागते का हो?
तिकडे इतका वेळ काही ऐकू आलं नाही
की वाटलं फोन तुटला.
मग म्हणाले, "फाइल घरी नेता येत नाही.
पण त्यांच्या चष्म्याचा नंबर मला पाठ आहे.
उणे सव्वातीन, दोन्ही डोळे."
तो चष्मा तिसऱ्याच देशाच्या वकिलातीतून
चार महिन्यांनी पोचला होता. एक काडी मोडलेली.

किती बोटं दाबली गेली, ते मला कुणी सांगितलं नाही.
सगळ्यांबरोबर टीव्हीवर कळलं.
परक्या धावपट्टीवर दोन विमानं,
दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाताना,
एक आमचा.
दुसरा आमच्याच तुरुंगातून सोडलेला,
जो एका ऑक्टोबरात जिन्याखाली
मार्युच्या भावाची वाट पाहत थांबला होता,
दिवा काढून ठेवून.
मार्यु आमच्या गल्लीत राहते. तीन घरं सोडून.

उर्मास आला. अर्धा आला म्हणू.
दार उघडं असलं तरी उंबऱ्याशी थांबतो,
कुणी 'चल' म्हणेपर्यंत.
पंतप्रधानांच्या कार्यालयातून फुलं आली,
मी ती बादलीत ठेवली, फुलदाणी सापडेना.

शनिवारी बेकरीत मार्यु माझ्या पुढे.
काळा पाव घेतला, वळली.
"आला ना?"
"आला."
"बरं झालं," म्हणाली,
आणि मला खरंच वाटलं की ती खरं बोलतेय,
म्हणून तर उभं राहवेना.
मग सुटे मोजत राहिली
तळहातावर, पुन्हा पहिल्यापासून,
एका पावाला लागतात त्याहून कितीतरी वेळ.
रांगेत कुणी घाई केली नाही.

आता मंगळवारी फोन वाजत नाही.
सव्वादहाला मी उगीच त्याच्याजवळ जाऊन बसते.
मार्युचा नंबर आहे माझ्याकडे.
हवामान विचारेन म्हणते.
त्यापुढचं वाक्य
अजून जुळत नाही.