कोबीचं पाणी

बॉस्टन. अमेरिकेतलं नव्हे, लिंकनशायरमधलं,
जिथे जमीन पोळपाटासारखी सपाट
आणि चर्चचा एकुलता मनोरा
कोणी लाटणं उभं करून विसरल्यासारखा.

जानेवारी. चारलाच दिवे लावावे लागतात.
दाराशी कोबी होता.
बाहेरच्या पानांवर शेतातली काळी माती,
देठाला सुरीचा एकच घाव, तिरपा, स्वच्छ.
शेजारच्या युर्गिताचा हात.
"तुम्हीच खा," ती कुंपणावरून म्हणाली,
"मी दिवसाला दोन हजार कापते.
माझ्या घरात नको तो."

वृंदाची रात्रपाळी. तिचं आधीच ठरलेलं :
"भाजी नको हं डब्यात. झाकण उघडलं
की अख्खा वॉर्ड माझ्याकडे बघतो."
मग कटलेट.

अण्णा सूतगिरणीचं कँटीन चालवायचे, इचलकरंजीला.
त्यांचं सगळं शास्त्र एका ओळीचं :
कोबी आधी आपण पिळावा,
नाहीतर कढईत तो आपल्याला पिळतो.
लग्नानंतर पहिल्यांदा केले तेव्हा
मी हे विसरलो होतो.
तेलात सगळं विस्कटलं. वृंदाने ते चमच्याने खाल्लं,
वर "चव आलीये" म्हणाली.
लग्न नवीन होतं.

आता किसतो, मीठ चोळतो, झाकून ठेवतो.
दहा मिनिटांत कोबी हार मानतो.
मग मूठ मूठ घेऊन पिळायचा,
पाणी खालच्या वाटीत, फिकट हिरवं, थेंब थेंब, मग धार.
किसणीने बोटाचं साल नेलं होतं थोडं.
मीठ बरोबर तिथेच शिरलं
आणि मला युर्गिताचे अंगठे आठवले,
कचऱ्याचे डबे बाहेर काढताना दिसलेले एकदा,
हातमोज्याच्या आत हातमोजा,
त्याच्या आत भेगा.
मी काहीच बोललो नव्हतो तेव्हा.
थंडी फार आहे, एवढंच.

बटाटे उकडून पिठूळ झालेले.
आलं, पीटरबरोहून आणून गोठवलेली मिरची,
ब्रेडची टोकं, या घरात कोणी न खाल्लेली,
महिनाभर फ्रीजरमध्ये साठवून भाजून चुरलेली.
आमचूर संपलं होतं.
मीठ-व्हिनेगरच्या चिप्सचं पाकीट कुस्करून घातलं.
अण्णा, माफ करा.
(आंबट मात्र बरोबर झालं.)

अण्णांचे कटलेट विड्याच्या पानासारखे,
सगळे एकाच वेलीवरचे.
माझे कसेही. एक तर थेट बुटासारखा.
पण तव्यावर एकही फुटला नाही.
कडेने लाल होत गेले, कुरकुर बोलत,
आणि खिडकीच्या काचेवर वाफ धरली
तेवढ्यापुरतं बाहेरचं ते सपाट सगळं पुसून टाकत.

सहा डब्यात. वृंदा मफलर गुंडाळत पळाली.
पाच ताटलीत, फॉइलखाली, शेजारी.

युर्गिताने दारातच उभ्याने एक तोडला.
"मासा?"
नाही.
"मांस?"
नाही, नाही.
"मग काय?"
बटाटा, मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.
तिने दुसरा संपवला. तिसरा अर्धा असताना थांबली,
बोटं नाकाशी नेली,
माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ,
जसं एखाद्याला गर्दीत ओळखावं
आणि त्याचं नाव घ्यायचं की नाही हे ठरत नसावं.
"माझाच आहे हा," म्हणाली.
हसली की नाही, सांगता येणार नाही,
पोर्चचा दिवा तिच्या मागे होता.
अर्धा उरलेला खाल्ला मात्र.
दार लावून घेतलं. ताटली तिच्याकडेच राहिली.

घरी आलो तर ओट्यावर वाटी तशीच,
काठोकाठ. एवढंसं झाड, एवढं पाणी.
बेसिनपर्यंत नेली आणि परत आणली.

सकाळच्या पोळ्यांची कणीक त्यातच भिजवली.
मीठ घालावं लागलं नाही.