एकशे बारा, अधिक

येर्का मिहोविलोविच दुकानात आली
तेव्हा दार तिच्या हातून सुटून आपटलं.
पुंता अरेनासमध्ये याची कुणी माफी मागत नाही.
तिने मागितली.
मग लोकरी टोपीत गुंडाळलेली डिस्क
काउंटरवर ठेवली, अंडं ठेवावं तशी.

"लॅपटॉप विचारतो, फॉरमॅट करायचं का?"
"तुम्ही काय म्हणालात?"
"तीनदा नाही.
चौथ्यांदा विचारलं तेव्हा वायरच उपटली."

शहाणी बाई.
अर्धं शहर त्या प्रश्नाला हो म्हणून माझ्याकडे येतं.
यंत्राचं सौजन्य असं:
समोरचं वाचता आलं नाही
की पुसून टाकू का, विचारतं.

अकरा वर्षं, म्हणाली, दर रविवारी
जुन्या धक्क्यावरचे पाणकावळे मोजते.
कुणासाठी? पावती फाडता फाडता मी.
"आधी विद्यापीठासाठी.
मग त्यांचे पैसे संपले.
माझे रविवार संपले नाहीत, दोन् आर्नोल्दो."

डिस्क कानाशी धरली.
टक. टक.
जरा दम खाऊन, टक.

अशा डिस्कवर काही लिहायचं नसतं.
एक अक्षरही नाही.
नुसतं उतरवून घ्यायचं, शांतपणे,
अडेल तिथे हुज्जत न घालता पुढे जायचं
आणि मग शेवटाकडून उलटं येऊन
त्याच खड्ड्याच्या दुसऱ्या काठावर उभं राहायचं.
नऊ दिवस लागले. दोनदा वीज गेली.
रात्री मी स्टोव्ह विझवून झोपलो
तरी टक कानात चालूच.

अनुक्रमणिका गेली होती.
पानं शाबूत, पण शिवण उसवून
सगळी वाऱ्यावर,
आणि आमचा वारा तुम्हाला ठाऊक नाही.
अशा वेळी मी पहिली अक्षरं शोधतो.
प्रत्येक फोटो तोंड उघडताना
तेच दोन बाइट उच्चारतो.
तेवढं ऐकू आलं की तिथून धरायचं
आणि शेवट येईतो ओढायचं.

एकोणीस हजार निघाले.
नावं नाहीत. शून्य शून्य शून्य एक, दोन, तीन.
काही अर्धेच: वर आभाळ, खाली राखाडी पट्टा.
एकात नुसते खांब आणि पाय.

एक गोष्ट तिला आधीच सांगायला हवी होती.
हा शोध हरवलेलं आणि टाकून दिलेलं
यात फरक करत नाही.

चार हजार चारशे सतरावर तिचं बोट थांबलं.
धक्क्याच्या तोंडाशी एक माणूस,
पाठमोरा, निळं जर्किन, बगलेत थर्मास.

"हे मी पुसलं होतं."
"जागा मोकळी झाली, असं डिस्क म्हणाली असेल," मी म्हणालो.
"ती तसं म्हणते. उचलून काही नेत नाही."

स्टोव्ह कुरकुरला.
"काढून टाकू का?" मी विचारलं,
आणि माझंच मला ऐकू आलं.
नाही, म्हणाली. एकदाच.

मग पिशवीतून वही काढली,
मेणकापडाच्या पुठ्ठ्याची, पाण्याने फुगलेली.
फोटोच्या पोटात तारीख शिल्लक होती.
नोव्हेंबरचा दुसरा रविवार.
वहीत त्या ओळीत: वारा. गेले नाही.

तिने फोटो मोठा केला.
आणखी मोठा.
पेनाचं टोक पडद्याला न टेकवता
डावीकडून मोजत निघाली,
ओठ हलत होते,
माणसापाशी आली,
त्याला वळसा घालून पलीकडे उतरली.

एकशे बारा.

'गेले नाही' वर काट मारली.
'वारा' राहू दिला.
आकडा लिहिला, पुढे अधिकचं चिन्ह काढलं,
आणि पेन तिथेच.

त्याच्या खांद्याआड तीन-चार खांब होते.
"किती असतील?"
"काय सांगू," ती म्हणाली,
"जरा बाजूला सरकला असता तर."

पैसे मोजून दिले, दोनदा.
जाताना दार दोन्ही हातांनी धरलं
तरी ते आपटलंच.