टपावरचं दार

नाटकाला दार हवं होतं. खरंखुरं.
पुठ्ठ्याचं दार आपटलं की पुठ्ठाच वाजतो,
म्हणाली डिलिया पार्डी, वय सोळा, नाटककार.
मी शाळेची बस चालवतो, मला त्यातलं काय कळतं?
पण माझ्या शेडला एक आहे, हिरवं,
खालून मिठानं खाल्लेलं, कडी तेवढी शाबूत.
स्क्रू काढले, टपावर आडवं बांधलं
जाळ्याच्या दोरानं, बापाने शिकवलेल्या गाठीनं.

गँडरपर्यंत पाच तास. मे महिना,
तरी रस्त्याकडेला मळकं बर्फ
उठायचं नाव घेत नव्हतं.
मागे अकरा पोरं, एकमेकांचे संवाद म्हणत.
सायलस मूझ दिसला की ओरडायचा,
नाही दिसला तरी ओरडायचा.
बर्सीबाईंनी उलटीच्या पिशव्या वाटल्या
आणि पहिली स्वतःच वापरली.

सहा शाळा, सहा नवी नाटकं.
एकात सगळे मोबाइलमध्ये अडकून पडले होते.
एकात कुणी काही बोललंच नाही, टाळ्या मात्र भरपूर.
आमचं चौथं. मी शेवटच्या रांगेत,
कोट अंगातच.

अंधार. मग दार.
त्यावर दिवा पडला आणि क्षणभर
मीच त्याला ओळखलं नाही.

गोष्ट अशी: सरकार म्हणतं, बेट सोडा,
पलीकडे डॉक्टर आहे, शाळा आहे, वीज आहे.
लोक घर सोडत नाहीत, घरच नेतात.
खाली पिंपं बांधतात, भरतीची वाट बघतात,
होड्या जुंपतात, आणि घर निघतं पाण्यावरून
पडद्यांसकट.
बर्निस आजी झालेली, केसांत पीठ,
भर समुद्रात किटलीतून चहा ओतते.
कॉर्मॅक म्हणजे भरती. निळी चादर घेऊन
तीनदा पडला; दोनदा ठरल्याप्रमाणे.

मग परीक्षक उठले. टोरांटोचे, सज्जन माणूस,
चष्मा कपाळावर. खूप कौतुक केलं. मग म्हणाले,
"तरंगणारं घर, हे प्रतीक मात्र
जरा ओढून ताणून आणल्यासारखं वाटतं."

मी कधी उभा राहिलो, ठाऊक नाही.
उभ्या जन्मात चारचौघांत तोंड उघडलेलं नाही,
लग्नातसुद्धा बायकोच बोलली.
म्हणालो, "ओढूनच आणलं, साहेब. चार होड्यांनी.
मी सात वर्षांचा होतो. घर आमचं होतं.
दार ते."

सगळ्या माना मागे वळल्या.
विंगेत डिलियाचा हात कडीवर होता,
तो तिनं काढून घेतला,
गरम तव्यावरून काढावा तसा.
तिला मी सांगितलंच नव्हतं.
शेडचं दार, एवढंच बोललो होतो.

बक्षीस मिळालं ध्वनियोजनेला.
म्हणजे दार आपटलं त्याला.

परतताना पोरं एकमेकांवर कलंडून झोपली.
डिलिया माझ्या मागच्या सीटवर आली.
"किटली होती का, मिस्टर कीपिंग?"
"नाही गं. चूल आदल्या दिवशीच विझवली,
वेगळ्या होडीत घातली."
"मग घरात काय होतं?"
वायपर चालू होते. सांगितलं:
घर कललं की दार आपोआप उघडायचं
आणि उंबऱ्याला लागून समुद्र.
आई कडी धरून बसली. दोन तास.
पलीकडच्या किनाऱ्यावर लोकांनी हाका मारल्या,
तरी तिची बोटं उघडेनात.

बराच वेळ काही नाही. नुसतं इंजिन.
"किटली काढून टाकू?"
"राहू दे," म्हटलं.
"कुणी दिला असता तर प्यायली असती."

रात्री दोनला, टॉर्च दातात धरून,
दार जागेवर बसवलं. एक स्क्रू कमी भरला,
गँडरला कुठेतरी पडला असणार.
वारा सुटला की आता ते वाजतं,
बायको म्हणते, दुसरा स्क्रू आण.
आणीन.
बक्षीस मिळालंय त्याला,
थोडे दिवस वाजू दे.