ओव्हर

सकाळचे आठ. सेलूच्या सरकारी दवाखान्यात
स्त्री वॉर्डाच्या टेबलाशी ओव्हर द्यायला बसले.
मंजूर खाटा तीस.
रात्रीचा आकडा एकेचाळीस, अकरा जणी खाली गादीवर.
नर्स एक.

पाच नंबर, डेंग्यू, ताप उतरला, खिचडी खाल्ली.
नऊ नंबर, सिझरचा तिसरा दिवस, टाके कोरडे,
बाळाला पाजायला जमतंय आता.
सतरा नंबर, शुगर, पायाची जखम, ड्रेसिंग बाकी.
बावीस.
बावीसवर माझं बोट थांबलं.
चादर बदललीय, एवढंच म्हणाले.

घनसावंत सिस्टरांनी पेन खाली ठेवलं.
काडी मोडलेला चष्मा, काडीच्या जागी टाक्याचा दोरा.
"आन् एकतीस?"
एकतीस नंबरची खाटच नाही आपल्याकडं, सिस्टर.
"हाय की. माझ्या समोर बसलीय. तिचा दे ओव्हर."

हसले मी. त्या हसल्या नाहीत.
मग ज्या आवाजात बाकीच्यांचं सांगितलं
त्याच आवाजात सांगत गेले:

एकतीस नंबर. वय चौतीस.
सलग सहावी नाईट.
पाणी अर्धी बाटली. लघवीला एकदा.
घरी नळ ठिबकला की मिनिटाचे थेंब मोजते.
शेजारच्या कुकरची शिट्टी झाली
की सलाइन संपली म्हणून दचकून उठते.
पोरगा म्हणतो, मम्मी, तू हूं म्हणतेस
पण तुला ऐकू येत नाही.
काल रात्री मनमाडकडची गाडी गेली त्या सुमाराला
बावीस नंबरच्या म्हातारीच्या सुनेवर ओरडले,
सारखं सारखं काय बोलावता, एकटीच हाय मी.
ती पुन्हा बोलवायला आली नाही.
पाऊण तासानं मीच गेले.
सून उशाशी बसून पंख्यानं वारा घालत होती
आणि म्हातारीचा हात गार होता.

डॉक्टर म्हणाले, वाचणारी नव्हतीच.
कागदावर ते खरं आहे. कागद मीच भरला.
रडू आलं नाही.
त्याचीच भीती वाटायलीय, सिस्टर.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
तुझी चूक नाही असंही नाही.
मग म्हणाल्या, "माझी एक खाट हाय. औंढ्याला होते तवाची.
अजून चादर बदलते मी तिची."

तेवढ्यात ड्रेसिंग रूममधून झाकणाचा आवाज आला.
ऑटोक्लेव्हपाशी नवा ब्रदर टोम्पे घाईत होता.
"अरे, वाफ उतरू दे आधी!"
त्या बसल्या जागेवरून ओरडल्या,
आणि वळून माझ्याकडं बघितलं.

ड्युटीलिस्ट ओढली, आजच्या रातीचं माझं नाव खोडलं.
तहेसीनशी बोलणं झालंय, म्हणाल्या,
तिला ईदच्या आदल्या दिवशी तू सोडव.
उपकार नाही, हिशोब हाय.
मग फाईलखालून एक कागद काढला,
एकेचाळीस पेशंटला एक नर्स, तारखेसकट, वेळेसकट.
अशा सतरा रात्रींची यादी.
खाली चौघींच्या सह्या. पाचवी जागा मोकळी.
"मोठ्या साहेबांनी टोपलीत टाकला तर दुसरा लिहू.
सही कर. पण आधी पाणी पी. माझ्यासमोर."

बाटली भरून प्याले. पोटात गार दुखलं.
सही वाकडी आली.

गेटपाशी निघाले तर पायरीवर ती सून.
शववाहिनी परभणीहून यायचीय म्हणे.
मला बघून तिनं पदर सारखा केला,
जशी रात्री केला होता, ओरडले तेव्हा.
बस लागली होती समोर. पर्स खांद्यावर होती.
वाक्य तयार केलं होतं, ते कुठं गेलं कळलं नाही.

"तुमची ड्युटी सुटली का, ताई?" तिनं विचारलं.
सुटली, म्हणाले.
ती जराशी सरकली.
बाटलीत दोन घोट उरले होते, तिच्यापुढं केले,
आणि त्या पायरीवर, उन्हात,
कुणाचीही नाडी न धरता
बसले.