दोन बोटं

मे महिना. वणीला, खेळाच्या सामानाच्या दुकानात
कूलरला पाणी नाही.
मी बर्फावरचं हेल्मेट चढवून उभी,
घाम भुवयांतून गॉगलच्या काचेत.
पिदूरकर म्हणाले, दोन वर्षांमागं मागवलं होतं,
कुणी हात लावला नाही.

बाबांनी बर्फ पाहिला तो
रसवंतीवरचा, भुशात गुंडाळलेला.
पण खाणीत एकवीस वर्षं.
हनुवटीखालच्या पट्ट्यात त्यांनी बोटं घातली.
"दोन गेले पायजे. तिसरं गेलं
त आधी टोपी पडते, मंग माणूस."
मग चिंच हलवावी तसं
माझं डोकं गदगदा हलवलं.

मनगटाचे गार्ड मी परत ठेवत होते,
किंमत वाचून.
त्यांनी उजवा हात पुढं केला,
जो घासापाशी नीट वळत नाही,
ज्याच्याबद्दल घरात विषय निघत नाही.
"पडताना पहिले हातच जाते, पोरी."
गार्ड गल्ल्यावर.

पैसे तिथंच संपले. कंबरेचं राहिलं.
रात्री आईनं जुन्या गादीचा फोम कापला,
पँटीला आतून टाचला.
मी अंगणात मुद्दाम बसकण मारली.
धप्प.
शेजारची बेबीकाकू हसून लोळली.
आईनं फक्त विचारलं, "लागलं?"
आणि आणखी एक घडी घातली.

बाबा ओट्यावर गॉगल लावून,
खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्याकडे तोंड.
त्याच्यावरूनच मी फळीवर घसरायला शिकले,
त्यांना चोरून.
"पांढरा केला त," ते म्हणाले,
"एवढाच असन ना?"

एवढाच, म्हटलं.