सातवा थांबा

सोमवारी तो दगडी पुलापाशी चढला,
गुरुवारी पेट्रोल पंपाशी.
पुढच्या आठवड्यात थेट वरच्या फाट्यावर,
जिथं नुसत्या मेंढ्या आणि एक लाल टपालपेटी.

बावीस वर्षं मी कॉलेजच्या पोरांची बस हाकतेय
वेल्समधल्या या दरीतून त्या दरीत.
पोरं आवाज बदलतात, केसांचा रंग बदलतात,
थांबा बदलत नाहीत.

"मित्राकडे होतो काल," इयेस्टिन सांगायचा, न विचारताच.
सतरा वर्षांच्या पोराला मित्र असून असून किती असतात?
मी मोजले. सहा.
आणि पाहुणा तिसऱ्या दिवशी जड होतो
हे मित्रांच्या आयांना शिकवावं लागत नाही.

शहरात बेघर माणूस निदान पायाशी तरी येतो,
दुकानाच्या पायरीवर, पुठ्ठ्यावर.
आमच्याकडे फूटपाथच नाही.
रस्ता संपला की कुंपण, कुंपण संपलं की चिखल, मग डोंगर.
काउन्सिलच्या तक्त्यात आमच्या दरीपुढे
बेघर : शून्य.
ते शून्य रोज सात वीसला माझ्या बसमध्ये चढायचं,
"बोरे दा" म्हणायचं
आणि हीटरजवळची सीट धरून झोपी जायचं.

नोव्हेंबरात एकदा सहाही थांब्यांवर तो नव्हता.
सातवा थांबा माझ्या कागदावर नाही :
गुरांचा बाजार, त्या दिवशी बंद.
घोड्यांच्या ट्रेलरमधून तो उतरला, केसांत पेंढा.
मी म्हटलं, "पेंढा आहे."
तो म्हणाला, "माहितेय."
बस्स.
पुढचे नऊ मैल मी वळणं हळू घेतली.

रात्री चॅपलमागच्या खोलीत आठ जण जमलो.
चहा, शिळा केक आणि पहिला प्रश्न : "कुणाचा पोरगा?"
गावात कळवळ्याआधी कूळ विचारतात.
मेरिग म्हणाला, त्याचा सावत्र बाप माझ्यासोबत रग्बी खेळलाय,
मी त्याला काय तोंड दाखवू?
नेस्टा म्हणाली, तोंड राहू दे. खोली दाखव.

ग्वेनिथ काही बोलली नाही. ती सुट्टीवाल्यांची घरं झाडते,
चौदा घरं, ऑगस्टपासून काळोखात,
प्रत्येकाच्या दाराशी चार आकड्यांची पेटी, पेटीत चावी.
चौदाही आकडे तिला पाठ.
टेबलावर ती बोटांनी आकडे दाबत राहिली,
मग हात मांडीवर घेतले.

मार्ग निघाला तो ओबडधोबडच.
जनावरांच्या दवाखान्यावरची खोली,
औषधांचे खोके हलवायला दोन रविवार,
पलंग एकाचा, गादी दुसऱ्याची, दोन्ही एकमेकांना न मानणारी.
इयेस्टिन आधी नाहीच म्हणाला. "उपकार नकोत."
तेव्हा मेरिगच भडकला : "उपकार कोण करतंय?
मार्चमध्ये मेंढ्या वितात, रात्री दोनला.
मला उठणारा माणूस हवाय."
आठवड्याला दहा पौंड भाडं देईन,
हे त्यानं नेस्टाकडून कागदावर लिहून घेतलं,
सही, तारीख.
पत्त्यापाशी पेन अडलं.
पोस्टकोड विचारला त्यानं. स्वतःचा.

सगळं गोड झालं असं नाही.
जानेवारीत दार आपटून दोन रात्री गायब होता.
जिन्यावरचा दिवा कुणी विझवला नाही.
आणि पुलापाशी चढणारी एक मुलगी
हल्ली पेट्रोल पंपाशी चढते. मी वही घेतलीय.

आज सात वीस. दवाखान्यापुढे कुणी नाही.
माझ्या पोटात गोळा.
हॉर्न दिला. पुन्हा दिला.
वरची खिडकी उघडली, विस्कटलेलं डोकं :
"दोन मिनिटं, डेलिथ! झोपच लागली!"
एक बूट पायात, एक हातात, तो धावत आला.
मागून पोरं ओरडली, उशीर, उशीर!
मी इंजिन बंद केलं
आणि त्याला नाडी बांधू दिली.